नोकरी सोडू का? आधी आठवड्याचे तास मोजा

पत्र

"मी ३४ वर्षांची आहे. एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात ११ वर्षं काम करते. पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत, तक्रार करावी असं काही नाही. पण मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची ओढ कॉलेजपासूनची आहे. गेल्या दोन वर्षांत काही मासिकांत माझी चित्रं छापून आली. आता एका प्रकाशकांनी ३२ पानी चित्रपुस्तक करणार का म्हणून विचारलंय, तेही तीन महिन्यांत. मी रोज सहा वर्षांची मुलगी झोपल्यावर साडेदहाला कागद घेऊन बसते आणि अर्ध्या तासात डोळे मिटायला लागतात. सकाळी ऑफिसात आकडे चुकतात. नवरा म्हणतो, 'सोड नोकरी, माझ्या पगारात भागवू.' आई म्हणते, 'हौस म्हणून कर, हातचं सोडू नकोस.' दोघांचंही पटतं आणि दोघांच्याही बोलण्यानं धास्ती वाटते. काय करू?"

उत्तर

ताई, नोकरीचा निर्णय काही महिने थांबू शकतो. प्रकाशकांना द्यायचं उत्तर मात्र या आठवड्यात जायला हवं, म्हणून आधी तेच पाहू. त्याच हिशेबातून नोकरीबद्दलचं बरंचसं उत्तर निघेल, आणि आकडेमोड तर तुमच्या हातचा मळ.

३२ पानांतून शीर्षकाचं पान, श्रेयनामावली वगैरे वजा केलं की साधारण १२ ते १४ स्प्रेड, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. १२ धरा आणि एक मुखपृष्ठ, म्हणजे १३ चित्रं. एका चित्राच्या रफला, म्हणजे कच्च्या रेखाटनाला, ३ तास, प्रकाशकांनी सुचवलेल्या बदलांना २ तास, पक्क्या रेखाटनाला आणि रंगकामाला ८ तास असे १३ तास लागतात असं समजू. १३ चित्रांचे १६९ तास झाले. त्याआधी पात्रांची तयारी आणि सगळ्या पुस्तकाची थंबनेल्स (प्रत्येक पानाच्या मांडणीचे छोटे कच्चे आराखडे) यांचे १८ तास, शेवटी स्कॅनिंग, डाग काढणं, फाइली तयार करणं याचे १३ तास. बेरीज २००. तुमचा हात याहून जलद किंवा सावकाश असेल, तर मासिकासाठी केलेल्या शेवटच्या चित्राला खरोखर किती वेळ लागला तो आठवून आकडे बदला. आठवत नसेल तर पुढचं चित्र घड्याळ लावून काढा. अंदाज करताना जवळजवळ प्रत्येक जण बदलांचे आणि फाइलींचे तास विसरतो, आणि उशीर तिथेच होतो.

आता हे २०० तास तीन महिन्यांत, म्हणजे १३ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला १५ तासांहून जास्त लागतात. पूर्णवेळ नोकरी आणि सहा वर्षांची मुलगी असताना दर आठवड्याला १५ तास, एकही आठवडा न चुकता? होणार नाही. दोन आठवडे ओढून न्याल, तिसऱ्याला आजारी पडाल. आठवड्याला ७ तास मात्र नीट बसतात. त्यात दहा दिवसांची रजा एकत्र घेतली आणि रोज ५ तास काढले तर ५० तास होतात. रजेच्या दिवशीही ८ तास धरू नका, कारण पाच तासांनंतर काढलेलं बहुतेक दुसऱ्या दिवशी पुसावं लागतं. उरले १५० तास, ७ नं भागले की २२ आठवडे. रजेचे दोन मिळवा, वर्षअखेरीच्या क्लोजिंगचे, म्हणजे ऑफिसात वर्षाचे हिशेब बंद करण्याचे, चार आठवडे शून्य धरा, आणि मुलीचा ताप, पाहुणे, प्रकाशकांकडून उत्तर यायला लागणारा वेळ यांसाठी पाच आठवडे राखून ठेवा. एकूण ३३ आठवडे. म्हणजे आठ महिने मागायचे.

प्रकाशकांना कारणांची यादी देऊ नका, तारखा द्या. "संपूर्ण पुस्तकाची थंबनेल्स पाचव्या आठवड्यात, एक पक्कं रंगवलेलं नमुना स्प्रेड आठव्यात, सगळी रफं सोळाव्यात, अंतिम फाइली तेहेतिसाव्यात" असं लिहून पाठवा. वेळ जास्त मागितला म्हणून काम जाईल या भीतीनं नवे चित्रकार गप्प बसतात. पण चित्रपुस्तकाचं वेळापत्रक पुष्कळदा लवचीक असतं, आणि संपादकाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो तारीख देऊन न पाळणाऱ्यांचा. खरंच तीन महिन्यांतच हवं असेल तर हे पुस्तक सोडा आणि पुढच्यासाठी तुमच्या तारखा कळवून ठेवा. वाईट वाटेल. पण पहिलंच पुस्तक घाईत, अर्धवट झोपेत केलेलं आणि तुमच्या नावानं छापलेलं असणं त्याहून वाईट.

करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. मानधन तीन हप्त्यांत: सही झाल्यावर, रफं मंजूर झाल्यावर, अंतिम फाइली दिल्यावर. बदल किती वेळा: रफमध्ये दोनदा, रंगवल्यावर एकदा, त्यापुढे वेगळे पैसे. हक्क: पुस्तकापुरती छपाईची परवानगी देताय की चित्रांचे सगळेच हक्क कायमचे देताय, आणि कायमचे देत असाल तर रक्कम त्या तोलाची आहे का. शेवटची, प्रकल्प त्यांच्या बाजूनं मध्येच थांबला तर झालेल्या कामाचे किती मिळणार.

आता हेच २०० तास नोकरीच्या प्रश्नाला लावून पाहा. समजा तुम्ही नोकरी सोडलीत. मोकळा चित्रकारही आठवड्याला ४० तास चित्रं काढत नाही. कामं मिळवणं, पत्रव्यवहार, बिलं, पाठपुरावा यात मोठा वाटा जातो. प्रत्यक्ष चित्रांचे २५ तास, वर्षातले ४६ आठवडे, म्हणजे ११५० तास. भागिले २००. वर्षाला साडेपाच ते पावणेसहा पुस्तकं होतात. या पुस्तकासाठी जे मानधन सांगितलंय त्याला साडेपाचनं गुणा. त्यातून साहित्याचा खर्च, कर आणि आत्ता कंपनी तुमच्यासाठी भरते तो विमा किंवा निवृत्तीचा हिस्सा वजा करा. उरलेला आकडा वार्षिक पगाराशेजारी मांडा. मग विचारा की दर वर्षी पाच पुस्तकं देणारे प्रकाशक आज माझ्या ओळखीचे किती आहेत? उत्तर 'एक' असेल तर आज नोकरी सोडणं म्हणजे चित्रं काढायला वेळ मिळवणं नव्हे. तो वेळ कामं शोधण्यात जाईल, आणि पैशांच्या काळजीत मिळेल ते काम घ्यावं लागेल. त्यातलं बरंचसं मुलांच्या पुस्तकांचं नसेल.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं की आत्ता सोडू नका. आईचं मात्र अर्धंच ऐका. 'हौस म्हणून' हा भाग सोडून द्या. हौसेच्या गोष्टीला वेळापत्रक नसतं, उरलेल्या वेळात ती होते, आणि तुमच्याकडे वेळ उरत नाही हे साडेदहाच्या डुलक्या सांगतायत. पुढचं वर्षभर हे दुसरं काम म्हणून करायचं, ठरलेल्या तासांना, नोंद ठेवून.

तास कुठून आणायचे? पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. अर्ध्या तासाचे रकाने आखलेला एक कागद स्वयंपाकघरात लावा आणि काय केलं ते जेवणाआधी, झोपण्याआधी भरा. आठवड्याचे १६८ तास. साडेसात तासांप्रमाणे झोपेचे ५२, ऑफिसचे ४५, प्रवासाचे १०. उरले साधारण ६०, आणि त्यातले बहुतेक घर, मुलगी, आंघोळ-जेवण, बाजारहाट यांत रास्तपणे जातात. दोन आठवड्यांच्या नोंदीत तुम्हाला दहा-बारा विखुरलेले तास सापडतील. त्यातले सात एकत्र आणणं हे खरं काम.

आमच्या मते तुमच्यासाठी मांडणी अशी: आठवड्यातले दोन दिवस सकाळी सव्वा तास, शनिवारी सकाळी सलग तीन तास, आणि एका संध्याकाळी दीड तास. सात झाले. रात्री साडेदहाची बैठक पूर्ण बंद. दिवसभर आकडे पाहून थकलेले डोळे आणि डोकं त्या वेळी नवी मांडणी सुचवू शकत नाहीत, आणि त्या अर्ध्या तासाची किंमत दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोजावी लागते. मुलीबरोबर दहाला झोपा आणि त्या दोन सकाळी साडेपाचला उठा. झोप कापून वेळ काढण्याचा मार्ग धरू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि आपण इतके मंदावलोय हे त्यांना स्वतःला जाणवत नव्हतं. तुमच्या चुकणाऱ्या आकड्यांचं कारण बहुधा हेच आहे. ते आधी थांबायला हवं. नोकरी तुम्ही सोडणं वेगळं आणि चुकांमुळे ती अडचणीत येणं वेगळं.

वेळापत्रक आखताना माणूस आपला सगळ्यात चांगला आठवडा डोळ्यांपुढे ठेवतो आणि तिथेच फसतो. तुम्ही वाईट आठवडा धरून आखा. किमान ३ तास आणि कमाल ९. कमाल का, असं वाटेल. उत्साहाच्या भरात एका आठवड्यात १८ तास केले की पुढचे दोन आठवडे घरातली थकलेली कामं, रुसलेली मुलगी आणि दुखणारी मान यांत जातात. तिन्ही आठवड्यांची सरासरी काढली तर सहाच येते. महिनाअखेरीला ऑफिसात उशीर होणार हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं. त्या आठवड्यात फक्त शनिवार ठेवा, बाकी दिवस कॅलेंडरवर आधीच खोडा. खोडलेला दिवस चुकला असं वाटत नाही.

ऑफिसमधून निघालं तरी डोक्यात अर्धवट राहिलेली नोंद फिरत राहते. काम अपुरं टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा एक भाग मागेच रेंगाळतो, हे २००९ पासूनच्या संशोधनात नीट मांडलं गेलंय. त्यावरचा उपायही तपासलेला आणि सोपा आहे: निघण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबून काय अर्धवट आहे आणि उद्या त्यातलं पहिलं पाऊल कोणतं ते लिहायचं. तेच चित्रकामालाही लावा. बैठक संपताना शेवटची पाच मिनिटं एका चिठ्ठीवर लिहा, "पुढे: डावं पान, झाडाची सावली, थंड निळ्या रंगाचा एक हात, मग मांजराचे कान." चार दिवसांनी बसाल तेव्हा 'कुठे होते मी' यात जाणारी वीस मिनिटं वाचतील. सव्वा तासातली वीस मिनिटं म्हणजे पाव बैठक.

कोणतं काम कोणत्या बैठकीत, हे ठरलेलं असू द्या. जलरंगाला कागद फळीवर लावणं, पाणी, रंग मिसळणं यात पंधरा मिनिटं आणि आवरण्यात दहा जातात, म्हणून रंगकाम फक्त शनिवारी. सकाळचा सव्वा तास थंबनेल्स आणि मांडणीसाठी, कारण डोकं ताजं असतं आणि लागते फक्त पेन्सिल. थंबनेल पाच बाय आठ सेंटिमीटरहून मोठी करू नका. मोठा कागद घेतला की हात तपशिलात शिरतो आणि मांडणी राहून जाते. संध्याकाळचा दीड तास लाइट टेबलवर (खालून उजेड येणाऱ्या काचेवर) रेघा उतरवणं, स्कॅन, बिलं, मेल यांसाठी. थकलेला माणूस ही कामं बरी करतो.

तुकड्यातुकड्यांनी आठ महिने चाललेल्या पुस्तकाला काही खास रोग जडतात. पहिला, पात्राचा चेहरा बदलत जातो. पाचव्या पानावरची मुलगी बाराव्या पानावर दोन वर्षांनी मोठी दिसते. म्हणून आधीच्या १८ तासांतले निदान सहा तास पात्राच्या मॉडेल शीटवर घाला: समोरून, बाजूनं, पाठमोरी, बसलेली, धावणारी, रडणारी, आणि शेजारी डोक्याचं शरीराशी प्रमाण, समजा एकास साडेतीन. ते टेबलासमोर टाचून ठेवा आणि प्रत्येक बैठकीत पहिली पाच मिनिटं त्यावरून एक लहान रेखाटन करा, हात परत त्या वळणावर येतो. दुसरा रोग रंगाचा. शनिवारी मिसळलेला सदऱ्याचा पिवळा पुढच्या शनिवारी तसाच जमत नाही. त्याच कागदाची एक लांब पट्टी घ्या, प्रत्येक महत्त्वाच्या रंगाचा चौकोन त्यावर रंगवा, शेजारी कोणत्या नळीतला किती ते लिहा. चौकोन वाळल्यावरच तुलना करा, ओला जलरंग गडद दिसतो. संपूर्ण पुस्तकाचा कागद एकदम आणून ठेवा, कारण दुसऱ्या वेळी आणलेल्या कागदाचा पांढरा आणि पाणी शोषण्याची ताकद वेगळी निघू शकते.

तिसरी गोष्ट क्रमाची. पक्की चित्रं पहिल्या पानापासून करू नका. सुरुवातीची तीन-चार चित्रं जरा अवघडलेली असतात, आणि वाचक सगळ्यात आधी पहिली पानंच पाहतो. मधल्या पानांपासून सुरू करा, पहिलं स्प्रेड आणि मुखपृष्ठ हात बसल्यावर, साधारण आठ-नऊ चित्रं झाल्यावर घ्या. चेहरे आणि हात दोन पानांच्या शिवणीपासून दूर ठेवा. कडेला किमान तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापला जाणारा चित्राचा जादा भाग, सोडा. स्कॅन छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) भरेल असं, आणि मूळ चित्र छपाईहून लहान असेल तर त्या प्रमाणात जास्त. या गोष्टी शेवटी कळल्या तर राखून ठेवलेले पाचही आठवडे त्यातच जातात.

ऑफिसच्या बाजूनं एक काम सही करण्याआधी उरका. नेमणुकीचं पत्र आणि सेवाशर्ती काढून वाचा. बाहेरच्या कामाला परवानगी लागते का, नोकरीच्या काळात केलेल्या कामावर कंपनी हक्क सांगते का, हितसंबंधांचं कलम काय म्हणतं, हे पाहा. मुलांच्या पुस्तकातली चित्रं आणि विमा कंपनीचा हिशेब यांत संघर्ष होण्याचं कारण नाही, त्यामुळे परवानगी लागत असेल तर मिळण्याची शक्यता चांगली. ती लेखी घ्या, तोंडी होकार साहेब बदलले की संपतो. कंपनीचा लॅपटॉप, मेल, प्रिंटर आणि कंपनीचा वेळ या कामासाठी अजिबात वापरायचा नाही. प्रकाशकांनाही सांगून ठेवा की फोन संध्याकाळी सातनंतर. सहकाऱ्यांना मात्र घाईनं सांगत सुटू नका. एकदा 'हिचं लक्ष दुसरीकडे आहे' असं झालं की तुमची साधी चूकही त्याच खात्यात मांडली जाते.

पैशांसाठी वेगळं बँक खातं उघडा. चित्रांचं सगळं उत्पन्न त्यात आणि चित्रांचा सगळा खर्च त्यातून. जमा झालेल्या प्रत्येक रकमेतला कराचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढा. पगारावरचा कर कापून हातात येत असल्यानं पगारदार माणसाला ही सवय नसते, आणि वर्षाच्या शेवटी मोठा खड्डा पडतो. प्रत्येक कामाचे तासही लिहा, म्हणजे ताशी किती पडले ते कळेल. तुमच्या नोकरीचा ताशी दर काढताना प्रवासाचे तासही मिळवा. दोन दरांतलं अंतर कमी होतंय का, हे दर तीन महिन्यांनी पाहायचं.

आणि नोकरी केव्हा सोडायची? त्याचे आकडे आज, डोकं शांत असताना लिहून ठेवा. ऑफिसातल्या एखाद्या वाईट मीटिंगनंतर ठरवलेली तारीख बहुतेक वेळा चुकते. आमच्या मते तीन अटी पुरेत. चित्रांचं निव्वळ उत्पन्न, सलग बारा महिन्यांच्या सरासरीनं, तुम्ही घरखर्चात घालता त्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त. निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून काम येणं आणि त्यातल्या दोघांनी दुसऱ्यांदा बोलावलेलं असणं. आणि घरखर्चाचे निदान सहा महिने भागतील इतकी गंगाजळी, हात न लावता. घरखर्च मोजताना वर्षातून एकदाच येणारे खर्च, शाळेची फी, विम्याचे हप्ते, दुरुस्त्या, बाराने भागून मिळवायचे. सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. पैसे उशिरा येतात हेही धरा, फाइल दिल्यापासून दोन-तीन महिने लागणं नवलाचं नाही.

तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की राजीनाम्याआधी एक चाचणी करा. सलग तीन महिने तुमचा पूर्ण पगार बचतीत टाका आणि नवऱ्याचा पगार अधिक चित्रांचं उत्पन्न यावरच घर चालवा. जमलं तर तुमच्या नवऱ्याचं 'भागवू' खरं ठरलं आणि वर तीन पगार शिलकीत पडले. नाही जमलं तर नोकरी हातात असताना कळलं. कर्ज घ्यायचं असेल तर तेही पगार चालू असतानाच. कर्ज देणारे नियमित पगाराच्या कागदावर विश्वास ठेवतात, चित्रकाराच्या चढउताराच्या उत्पन्नावर तितका नाही.

अशी वाट पाहणारे मागे पडतात असा समज आहे, तो पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या कित्येक वर्षांच्या माहितीवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नोकरी करता करता स्वतःचं काम सुरू केलेले आणि मग पूर्णवेळ त्यात उतरलेले लोक, एकदम उडी मारणाऱ्यांपेक्षा अपयशी होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशानं कमी घेऊन चालत होते. कारणं समजण्यासारखी आहेत: गिऱ्हाईक आहे का ते आधी कळतं, चुका स्वस्तात होतात, आणि काम आपल्याला झेपणारं नाही हे लक्षात आलेले लोक मुळात उडीच मारत नाहीत. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांची पहिली कादंबरी १८४७ मध्ये आली आणि त्यांनी टपाल खात्याची नोकरी सोडली १८६७ मध्ये. नोकरीच्या पुढच्या वर्षांत ते पहाटे साडेपाचला लिहायला बसत आणि पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवत. साठीपर्यंत नोकरी केली तर जेवढं निवृत्तिवेतन मिळालं असतं तेवढं उत्पन्न साठवलेल्या पैशातून मिळू लागलं की नोकरी सोडायची, असं त्यांनी पत्नीशी बोलून काही वर्षं आधीच ठरवून ठेवलं होतं. तुम्हाला वीस वर्षं थांबा असं मुळीच म्हणत नाही. सोडण्याचा आकडा आधी ठरलेला असावा, एवढं त्यांच्याकडून घ्या.

सोडणं आणि राहणं यांच्या मध्येही एक पायरी असते. वर्षभरानं तास कमी पडू लागले तर चार दिवसांचा आठवडा किंवा काही महिन्यांची बिनपगारी रजा मागता येते. ११ वर्षं काम केलेल्या माणसाला कंपनी सहसा गमावू इच्छित नाही. मागताना लेखी प्रस्ताव द्या: कोणती कामं चार दिवसांत बसतात, कोणती कोणाकडे जातील, क्लोजिंगच्या आठवड्यांत तुम्ही पाचही दिवस याल, आणि तीन महिने करून बघू. पगार एक पंचमांशानं कमी होईल, पण आठवड्याला पाच-सहा ताजे तास मिळतील. मधल्या काळात बढती पुढे आली तर तिच्यासोबत येणारे जादा तास आधी विचारा. पैसे वाढून तास गेले, तर या वर्षापुरतं नाही म्हणणं शहाणपणाचं.

एक प्रश्न मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: चित्रं हवीयत, की फक्त ऑफिस नकोय? तपासायला सोपी जागा आहे. या कामातला कंटाळवाणा भाग, तीच मुलगी अठ्ठाविसाव्यांदा काढणं, संपादकानं तिसऱ्यांदा 'आकाश जरा बदलता का' म्हणणं, सोसवतो का? मासिकांची कामं करताना दोन वर्षं तुम्ही तो सोसलाय आणि तरी पुस्तक मागताय, त्यामुळे आम्हाला तुमची ओढ खरी वाटते. म्हणूनच ती रात्री साडेदहाच्या उरल्यासुरल्या अर्ध्या तासावर सोडू नये असं मनापासून वाटतं.

राहता राहिला नवरा. त्याचा पाठिंबा मोठा आहे, पण त्यानं देऊ केलाय पगार आणि तुम्हाला आज हवाय वेळ. तेच त्याला सांगा. नोकरी सोडण्याच्या वरच्या तीन अटी त्याच्यासमोर ठेवा, त्याची स्वतःची नोकरी अडचणीत आली तर काय हेही बोलून घ्या. मग मागायचं ते एकच: शनिवारी सकाळी सात ते दहा मुलगी त्याची, आणि शक्यतो घराबाहेर. आई आत आहे हे माहीत असलेलं सहा वर्षांचं मूल दर दहा मिनिटांनी दार वाजवतंच, आणि ते आवाज ऐकत ओला रंग सांभाळता येत नाही. दहा वाजता चित्र अर्धं असलं तरी ब्रश धुऊन बाहेर या. ही वेळ तुम्ही पाळलीत तर पुढचा शनिवार मागावा लागणार नाही.